डाव्या पायडलचे उलटे आटे

गेल्या हिवाळ्यात इथे मिलानला एका आजोबांच्या तळघरातून १९८४ ची इटालियन रोड बाइक उचलली. रंग शाबूत, क्रोम शाबूत, फ्रेमवरचा कोलंबस एसएलचा, म्हणजे फ्रेमच्या स्टीलच्या नळ्यांच्या ब्रँडचा, स्टिकरपण शाबूत. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे पायडल काढणं. उजवं निघालं. डाव्याला पाना लावला, जोर लावला, मग पान्यावर पाइप चढवून आणखी जोर लावला, आणि अर्ध्या तासानं डोक्यात प्रकाश पडला की मी ते काढत नाहीये, आवळतोय! लहानपणी पुण्यात आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी "डावं उलटं असतं रे" हे किती वेळा सांगितलं असेल, पण ऐन वेळी हात सवयीनंच फिरतो.

हा पराक्रम फॅमिली ग्रुपवर टाकला तर मावसभावानं लगेच एक फॉरवर्ड चिकटवला, की डाव्या पायडलला उलटे आटे देतात कारण पाय पायडलला ज्या दिशेनं फिरवतो त्याच दिशेनं ते आवळलं जातं. खाली तीन अंगठे आणि एक नमस्कार. उलटे आटे देतात हे खरं, त्यानं पायडल घट्ट राहतं हेही खरं, पण कारण साफ उलटं आहे. आणि खरं कारण इतकं भारी आहे की मला गप्प बसवत नाही.

आधी फॉरवर्डमधलं कारण तपासू. सायकलच्या उजव्या बाजूला उभे राहा. पुढे जाताना क्रँक, म्हणजे पायडल जिच्या टोकाला बसतं ती पट्टी, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरते, पायडल मात्र पायाखाली आडवंच राहतं. म्हणजे क्रँकवर बसलेल्या मुंगीला विचारलं तर ती सांगेल की पायडल काट्याच्या उलट फिरतंय. आता आतल्या छर्‍यांचं जे काही घर्षण आहे ते पायडलच्या दांडीला (क्रँकच्या भोकात आट्यांनी बसते ती) त्याच बाजूला, म्हणजे काट्याच्या उलट ओढणार. उजव्या पायडलला साधे आटे असतात, ते काट्याच्या उलट फिरवले की सुटतात. म्हणजे घर्षणाचं चाललं असतं तर उजवं पायडल रोज रस्त्यात पडलं असतं. ते पडत नाही, अर्थात घर्षणावर मात करणारं दुसरं काहीतरी तिथे आहे.

ते समजायला एका बरणीचं झाकण घ्या, ओट्यावर उताणं ठेवा आणि आत एक नाणं आडवं ठेवून त्यावर पेनानं ठिपका काढा. आता नाणं झाकणाच्या कडेला टेकवून, न घसरवता, कडेकडेनं काट्याच्या उलट दिशेनं गडगडत न्या आणि ठिपक्याकडे बघा. नाणं फेरी मारतंय काट्याच्या उलट, पण स्वतःभोवती फिरतंय काट्याच्या दिशेनं! फेरी एका दिशेला, गिरकी दुसऱ्या दिशेला.

झाकण म्हणजे क्रँकचं भोक, नाणं म्हणजे पायडलची दांडी. पाय नेहमी खाली दाबतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे त्या मुंगीला हा दाब भोकाच्या कडेनं काट्याच्या उलट सरकताना दिसतो. दांडी भोकापेक्षा केसभर बारीक असतेच, नाहीतर आत गेलीच नसती, त्यामुळे ती नाण्यासारखी कडेकडेनं लोळते आणि स्वतः काट्याच्या दिशेनं फिरते, म्हणजे आवळली जाते. डावीकडे आरशातलं चित्र, म्हणून तिथे उलटे आटे. इंग्रजीत याला प्रिसेशन म्हणतात. भोवऱ्याच्या डुलण्यालाही तोच शब्द आहे, पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही, गोंधळू नका.

थोडं गणित, नको असेल तर हा पॅरा सोडा. पायडलची दांडी ९/१६ इंच, म्हणजे साधारण १४.३ मिलिमीटर. समजा भोक तिच्यापेक्षा फक्त ०.१ मिमीनं मोठं आहे. मग दोघांच्या परिघात फरक पडतो ०.३१ मिमीचा, दांडीचा परीघ आहे ४५ मिमी, म्हणजे अजिबात न घसरता लोळली तर क्रँकच्या एका फेऱ्यात दांडी अडीच अंश फिरेल. मिनिटाला ८० फेरे मारले तर दोन मिनिटांच्या आत एक अख्खा आटा! खरं पायडल घट्ट आवळलेलं असतं तेव्हा एवढं होत नाही, पण घट्ट धातूही दाबाखाली किंचित दबतो आणि तेवढ्या किंचित जागेतसुद्धा हे सरकणं हळूहळू चालू असतं, नुसत्या हाताच्या जोरावर त्याला थोपवून धरणं अवघड.

घर्षण उलट बाजूला ओढतं याचा एक फायदाही आहे. जुन्या रोड बाइकवर पाय चामडी पट्ट्यानं पायडलला बांधलेला असतो, आणि कोरडे पडलेले छर्रे अचानक अडकले तर घर्षण एकदम वाढून दांडी आट्यांतून सुटायला लागते, घोटा पिरगळण्यापेक्षा ते बरं.

या युक्तीचं श्रेय बरेच जण राइट बंधूंना देतात. विमानाआधी ते ओहायोतल्या डेटनला सायकलींचं दुकान चालवायचे हे खरं, पण ज्या भानगडीनं जगभरच्या सायकलवाल्यांना छळलं असणार तिच्यावरचा तोडगा एकाच दुकानात सुचला हे मला पचत नाही.

बाकी काम नेहमीचंच. सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम स्टीलची, दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम गंजून फुगतं आणि दांडा चिकटून बसतो, तो काढायला तेल आणि चार दिवस. ग्रीस बदललं, छर्रे नवे, ब्रेकच्या वायरी नव्या. चाळीस वर्षांत स्टील "मऊ पडतं" असं दोघातिघांनी बजावलं, उलट एकानं "जुन्या स्टीलमध्ये जीव असतो" म्हणून पाठ थोपटली. दोन्ही थापा. स्टीलचा ताठपणा वयानं बदलत नाही, पहिल्या दिवशी जेवढा तेवढाच आजही. फ्रेम म्हातारी होते ती तडा जाऊन नाहीतर आतून गंजून, त्यामुळे टॉर्च घेऊन जोड तपासा. खंडेनवमीला मीपण सायकलला हळदकुंकू वाहतो, पण जोड बघून झाल्यावर.

मे महिन्यात तिला घेऊन टस्कनीत गायोले इन किआंतीला गेलो. तिथे १९९७ पासून ऑक्टोबरमध्ये एरोइका नावाची जुन्या सायकलींची राइड भरते, सायकल १९८७ च्या आतली हवी, गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या नळीवर हवेत, पायडलला क्लिप आणि पट्टा हवा. रस्ते पांढऱ्या खडीचे, चढ असे की माझा सगळ्यात हलका गिअरसुद्धा जड वाटला, पण उतारावर ती बारीक फ्रेम खडीवरून अशी काही सरळ धावते की ओरडावंसं वाटतं. ओरडलो पण.

तिसऱ्या चढावर खालून टक, टक, टक. उतरून बघतो तर बीबीचा, म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या जागेचा, उजवा कप, म्हणजे छर्रे ज्यात बसतात ती आटेवाली वाटी, पाव आटा बाहेर आलेला. इथे परत तेच नाणं! आस काट्याच्या दिशेनं फिरतो, छर्‍यांबरोबर दाबही कपाच्या आतून त्याच दिशेनं फिरत राहतो, आणि कप फ्रेममध्ये त्याच्या उलट सरकतो. म्हणून इंग्लिश पद्धतीत उजव्या कपाला उलटे आटे देतात. इटालियन पद्धतीत, ३६ मिमी आणि इंचाला २४ आटे, दोन्ही कप साधेच, त्यामुळे उजवा कायम सुटायच्या बेतात. इतक्या देखण्या सायकली बनवणाऱ्यांनी हे का ठेवलं असेल देव जाणे.

कपाचा पाना बरोबर नव्हता. हातानं आवळला, दर दोन-तीन किलोमीटरवर उतरून परत आवळला, असं करत गाव गाठलं. आता आट्यांना थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावून आवळलाय आणि कपावर आणि फ्रेमवर मिळून पेनानं एक आडवी रेघ मारलीये. ऑक्टोबरमध्ये एरोइकाला दर थांब्याला खाली वाकून आधी ती रेघ बघणार, मग पाणी पिणार.