इंजिन माउंटिंग कडक करायचंय? आधी हे वाचा

परफॉर्मन्स गाड्यांच्या मालकांसाठी आमच्या वर्कशॉपचं माहितीपत्रक

पोलो जीटी टीएसआय, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो, आय-२० एन लाइन, अजूनही जिवापाड जपलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक. या गाड्यांचे मालक येतात तेव्हा मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते : "पॉलीयुरेथेनची माउंटिंग टाकून द्या." माउंटिंग म्हणजे इंजिन ज्यांच्यावर गाडीला बांधलेलं असतं ते रबरी आधार, आणि पॉलीयुरेथेन हे रबराऐवजी वापरलं जाणारं, बहुधा त्याहून कडक प्लास्टिक. आम्ही टाकून देतो, तो आमचा धंदाच आहे. पण आधी एक प्रश्न विचारतो : आत्ता गाडीत जी माउंटिंग आहेत, ती शाबूत आहेत का?

बरेचदा नसतात. गाडी सात-आठ वर्षांची झालेली असते, इंजिनाच्या उष्णतेनं रबर कडक होऊन चिरलेलं असतं किंवा कुठून तरी गळलेल्या ऑइलनं फुगून मऊ पडलेलं असतं. मग मालक रीमॅप करतो, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून घेतो, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) वाढतो आणि गिअर बदलताना दणका जाणवू लागतो. अशा गाडीत कंपनीची नवी माउंटिंग बसवली तरी ती इतकी वेगळी चालते, की कडक माउंटिंगचा विषय तिथेच संपतो. आमचं बिल कमी होतं, तुमचेही पैसे वाचतात.

घरी पाहता येण्यासारखी लक्षणं अशी : सिग्नलला एसी चालू असताना स्टिअरिंग थरथरतं, गिअर न्यूट्रलवर टाकला की थरथर कमी होते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आणि पुन्हा दाबल्यावर खालून "धप्प" असा आवाज येतो. हायड्रॉलिक माउंटिंग असेल, तर त्याच्या आतला द्रव गळून बाहेर काळपट ओला डाग दिसतो. मॅन्युअल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबताना गिअर लिव्हर स्वतःहून मागेपुढे हलत असेल, तर तेही नोंदवून ठेवा. ऑटोमॅटिक गाडीत बॉनेट उघडून, कुणाला तरी ब्रेक दाबून डी-आर-डी (ड्राइव्ह-रिव्हर्स-ड्राइव्ह) करायला लावून इंजिन किती झुकतं हे पाहता येतं, पण त्या वेळी गाडीच्या पुढे उभं राहू नका, बाजूला उभे राहा. इंजिन थोडं झुकणारच, त्यासाठीच ते रबरावर ठेवलेलं असतं. झुकून आपटत असेल तर काम निघालं म्हणायचं.

माउंटिंगवर नेमका किती जोर येतो?

पोलो जीटी टीएसआयचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. माउंटिंगला एवढाच सोसावा लागतो, असा अनेकांचा समज असतो. आडवं इंजिन आणि पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून एकच ठोकळा असतो. चाकांना जेवढा टॉर्क मिळतो, तेवढाच उलटा टॉर्क या ठोकळ्याला फिरवू पाहतो. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून टॉर्क १५ पट होतो असं धरा. म्हणजे २,६०० न्यूटन-मीटरच्या वर. हा सगळा भार ४० सेंटीमीटर अंतरावरच्या एका खालच्या माउंटिंगनं अडवायचा म्हटला, तर त्यावर साडेसहाशे किलोहून जास्त ओढ येते. (थार किंवा फॉर्च्युनरसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत फायनल ड्राइव्हचा भार अ‍ॅक्सलच्या बाजूला जातो, त्यामुळे हे गणित वेगळं. हे पत्रक आडव्या इंजिनाच्या गाड्यांसाठी आहे.)

प्रत्यक्षात पहिल्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं तर टायर त्याआधीच सुटतो आणि आकडा इतका वर जात नाही. खरी मारामारी त्यानंतर सुरू होते. सुटलेला टायर पुन्हा पकडतो, इंजिन मागे झुकतं, रबर त्याला परत फेकतं, टायर पुन्हा सुटतो. सेकंदात अनेकदा. यालाच व्हील हॉप म्हणतात. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला गाडी उतरवलेल्यांना हा धडधडाट माहीत आहे. ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट आणि एक्झॉस्टचा लवचिक पाइप इथेच मार खातात. कडक माउंटिंगचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग हा आहे. अश्वशक्ती त्यानं एकानंही वाढत नाही. तसं कुणी सांगितलं असेल, तर दुसरं गॅरेज बघा.

कडकपणाचा आकडा

रबर आणि पॉलीयुरेथेनचा कडकपणा "शोअर ए" मोजपट्टीवर सांगतात. कंपनीच्या माउंटिंगचं रबर साधारण ४५ ते ६० मध्ये असतं. बाजारात मिळणारे पॉलीयुरेथेनचे पर्याय ६० पासून ९५ पर्यंत जातात. रोजच्या गाडीला ७० च्या आसपास पुरे. ८० ला तुम्हाला फरक जाणवेल आणि घरच्यांनाही जाणवेल. ९५ आणि त्यापुढे अ‍ॅल्युमिनियमचे सॉलिड माउंट, हे ट्रेलरवरून ट्रॅकवर नेल्या जाणाऱ्या गाडीसाठी.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा पिवळा मऊ असतो, दुसरीचा लाल मऊ असतो, आणि नकली मालाला तर रंगच काय तो असतो. आकडा मागा, तो पाकिटावर नसेल तर माल घेऊ नका. दुसरं म्हणजे, आकडा हा फक्त मालाचा असतो. त्याच मालाचा भरीव बुश (माउंटिंगच्या आतला लवचिक तुकडा) आणि पोकळ्या ठेवलेला बुश यांच्या ताठपणात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

तीन सिलिंडर की चार? इथे थांबून वाचा

या पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. बाकी विसरलात तरी चालेल.

माउंटिंगवर ठेवलेल्या इंजिनाची स्वतःची एक हलण्याची लय असते. कंपनीच्या माउंटिंगवर ती सोयीसाठी १० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १० हेलकावे, धरू. माउंटिंग कंपनं अडवतं ते इंजिनाचे धक्के या लयीच्या १.४ पटीपेक्षा वेगानं येत असतील तरच. त्याखाली ते काही अडवत नाही, उलट वाढवतं.

आता ८०० आरपीएमवर आयडल होणारं, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं चालू राहणारं इंजिन घ्या. चार सिलिंडरमध्ये एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. तीन सिलिंडरमध्ये फेऱ्यामागे दीड, म्हणजे सेकंदाला २०. कंपनीच्या माउंटिंगची सीमा १४ वर असल्यामुळे दोन्ही गाड्या सुखात असतात.

माउंटिंगचा एकूण ताठपणा दुप्पट केला की लय १४ वर आणि सीमा २० वर जाते. चार सिलिंडरवाला अजून वाचलेला असतो, तीन सिलिंडरवाला नेमका सीमेवर येऊन बसतो. ताठपणा चौपट केला की लयच २० होते, म्हणजे तीन सिलिंडरच्या आयडलशी तंतोतंत जुळते. मग डॅशबोर्ड, आरसे, नंबरप्लेट, सगळंच वाजायला लागतं. चार सिलिंडरचे २७ धक्केही तिथे माउंटिंग अडवत नाही, कारण सीमा २८ वर गेलेली असते.

म्हणून "माझ्या मित्राच्या पोलो जीटीत टाकलंय, काही त्रास नाही" एवढ्यावर आम्ही काम घेत नाही. २०२० पूर्वीच्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडर इंजिन आहे, त्यानंतरच्या गाडीत १.० लिटरचं तीन सिलिंडर. मागचा बॅज एकच आणि टॉर्कही दोन्हींचा १७५. पण माउंटिंगच्या बाबतीत या दोन वेगळ्या गाड्या आहेत. आय-२० एन लाइनही तीन सिलिंडरची. अबार्थ पुंटो चार सिलिंडरची, तिला जरा मोकळीक आहे. ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या दोन लिटर इंजिनात बॅलन्स शाफ्ट (कंपनं मारण्यासाठी आत फिरणारे दांडे) असल्यामुळे वरच्या आरपीएमला ते गुळगुळीत असतं, पण स्फोटांचे धक्के बॅलन्स शाफ्टनं जात नाहीत. आयडलला तिथेही थरथर येणारच.

टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर संध्याकाळी सातला पुण्याच्या चांदणी चौकातल्या गर्दीत, एसी चालू ठेवून घ्या. रिकाम्या एक्सप्रेसवेवर कडक माउंटिंगची गाडी सगळ्यांनाच आवडते.

सुरुवात खालून

आमचा सल्ला बहुतेकांना एकच असतो : फक्त खालचं पेंड्युलम माउंट, ज्याला सगळे डॉगबोन म्हणतात, तेच आधी करा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या या गाड्यांमध्ये इंजिनाचं वजन वरच्या दोन माउंटिंगवर तोललेलं असतं, एक टायमिंगच्या बाजूला आणि एक गिअरबॉक्सच्या. डॉगबोन वजन उचलत नाही, तो फक्त ठोकळ्याचं मागेपुढे फिरणं रोखतो. त्यामुळे तिथे कडकपणा वाढवला तर फायद्याचा मोठा हिस्सा पदरात पडतो आणि थरथर त्या मानानं कमी वाढते. पॉलीयुरेथेनचा इन्सर्ट मूळ रबराच्या पोकळ्यांत बसतो, मूळ बुश कापावा लागत नाही. नाही आवडलं तर काढता येतो. हा मुद्दा लहान वाटतो, पण काही जण खरोखर आठवड्याभरात परत येतात.

वरच्या दोन्हींपैकी एक तसंच ठेवून दुसरं एकच सॉलिड करणं मात्र टाळा. तीन मऊ-कडक भावंडांत सगळा भार कडकाच्या वाट्याला येतो, आणि गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कानाला तडा गेला तर त्या खर्चात चांगल्या माउंटिंगचे कितीतरी सेट आले असते.

पाऊस, ऊन, ऑइल

पॉलीयुरेथेन दोन जातींचं असतं. पॉलिएस्टरवर आधारलेलं झिजेला चांगलं, पण ऊब आणि ओलावा एकत्र मिळाले की त्याचे रेणू तुटत जातात, बुश भुसभुशीत होतो. पॉलिइथरवर आधारलेलं ओलाव्याला टिकतं. गाडी रत्नागिरीला, मुंबईत किंवा गोव्यात राहणार असेल तर दुसरंच घ्या. स्वस्त मालावर जात लिहिलेली नसते, आणि तेवढ्यानंच बरंच कळतं. टर्बो किंवा एक्झॉस्टच्या अगदी जवळ पॉलीयुरेथेन बसणार असेल तर हीट शील्ड काढून ठेवू नका, उष्णतेनं ते मऊ पडतं. ऑइलची गळती मात्र रबरालाच जास्त खाते. गळती आधी बंद करायची, माउंटिंग नंतर.

बसवताना

ग्रीस सिलिकॉनचं, साधं पेट्रोलियम ग्रीस नाही. फोक्सवॅगन-स्कोडाचे माउंटिंगचे बोल्ट ताणून बसणारे असतात. आधी ठरावीक टॉर्क, मग पुढे ९० अंश, आणि एकदा काढला की बोल्ट नवाच. त्यामुळे "पाचशे किलोमीटरनंतर आवळून घ्या" हा सल्ला इथे लावू नका. आम्ही बसवताना बोल्टवर आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढतो. पाचशे किलोमीटरनंतर गाडी दाखवायला या, रेघ जागची हलली नसेल तर पाना लावत नाही.

कागदपत्रं

माउंटिंग बदलल्यानं आरसीवरची कोणतीच नोंद बदलत नाही. इंजिनच बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, ते काम आम्ही करत नाही. वॉरंटीतल्या गाडीत काहीही टाकण्याआधी शोरूमला विचारा. विमा कंपनीलाही बदल कळवलेला बरा.

येताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना आणा. आयडलची थरथर आणि इंजिनाचं झुकणं आम्ही आधी तुमच्यासमोर पाहतो, मगच सुटे भाग मागवतो. रीमॅप केलेला असेल तर कोणता आणि किती टॉर्कचा, ते सांगा. जुनी माउंटिंग काढल्यावर तुम्हाला परत देतो, ती डिकीत ठेवायला एक पोतं सोबत आणा.