जीपला प्लेट ठोकली, पण अ‍ॅक्सलला विचारलं का?

बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. गोळीबार सुरू झाला की गाडीच्या आडोशाला बसायचं, हे त्याला पाठ असतं. गाडीची एक हेल्थ असते. ती शिल्लक आहे तोवर गाडी धावते, संपली की स्फोट. युद्धाच्या इतर काही खेळांत याच्यापुढचा लाड असतो. जीपला वाळूच्या गोण्या लटकवा, पुढे लोखंडी प्लेट बसवा, की हेल्थचा आकडा वाढतो. बाकी जीप होती तशीच. तेवढीच पळते, तशीच वळते, चढावर तिला दम लागत नाही.

खऱ्या युद्धांत सैनिकांनी हे उद्योग भरपूर केले आहेत. १९१४ साली डंकर्कमध्ये ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेतले चार्ल्स सॅमसन यांनी आपल्या मोटारींना तिथल्या गोदीतून बॉयलरची प्लेट बसवून घेतली. याच कल्पनेतून पुढे तयार झालेली रोल्स-रॉईस चिलखती गाडी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात बघायला मिळते. तेव्हापासून आजपर्यंत हाताला लागेल ते लोखंड, लाकूड, वाळू गाडीला बांधण्याची धडपड थांबलेली नाही. पण रणांगणावर आकडा वाढवणारं बटण नसतं. चढवलेल्या प्रत्येक किलोचं बिल गाडीच्या स्प्रिंगा, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ब्रेक भरतात.

ते बिल काढायला इंदूरच्या लोहामंडीतला हिशेब पुरतो. तिथल्या दुकानदाराच्या जिभेवर असतो तो: लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ७.८५. येईल तो आकडा किलोचा. म्हणजे ६ मिमी जाडीची एक चौरस मीटर प्लेट ४७ किलोची. आता दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप घ्या. वजन साधारण १,१०० किलो, इंजिन ६० अश्वशक्तीचं, आणि लष्करी कागदोपत्री नाव ‘पाव टनी ट्रक’. पाव टन म्हणजे खडबडीत वाटेवर तिने वाहायचा भार, सुमारे अडीचशे किलो. सामानासकट तीन जवान बसले की तेवढा भार होतोच. वर समोरच्या काचेच्या जागी आणि दोन्ही बाजूंना मिळून सव्वातीन चौरस मीटर प्लेट लावली तर आणखी दीडशे किलोच्या वर गेलो. अजून मशीनगन चढलेली नाही, तिच्या गोळ्यांच्या पेट्या चढलेल्या नाहीत, आणि गाडीची मागची बाजू उघडीच आहे.

एवढं करून ६ मिमी प्लेट अडवते काय? पिस्तुलाची गोळी अडवते. दूरवर फुटलेल्या बॉम्बची बारीक छिलपंही बऱ्यापैकी अडवते. रायफलची गोळी मात्र जवळून आली तर पार जाते. आपल्या लष्करात पूर्वी कित्येक वर्षं वापरात होती त्या ७.६२ मिमी एसएलआर रायफलचंच उदाहरण घ्या. साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वाआठशे मीटरच्या आसपास वेगाने नळीबाहेर पडते. तिची ऊर्जा सुमारे ३,२०० ज्यूल, म्हणजे ५० किलोची सिमेंटची गोणी दुमजली घराच्या गच्चीवरून सोडली तर जमिनीवर आदळताना जेवढी असेल तेवढी. फरक इतकाच की गोळी ही सगळी ऊर्जा अर्ध्या चौरस सेंटीमीटरहून कमी जागेत उतरवते. महूची लष्करी छावणी इंदूरहून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथल्या कुणा निवृत्त फौजीला विचारलंत तर तो हेच सांगेल की दिसण्यापासूनची आड वेगळी आणि गोळीपासूनची आड वेगळी. मोटारीचा दरवाजा पहिल्या प्रकारात मोडतो. दुसऱ्या प्रकारात इंजिनचा ओतीव ठोकळा आणि फार तर चाकाचा मधला भाग.

मग जाडी वाढवण्याऐवजी पोलाद बदलावं, असं वाटेल. चिलखताचं पोलाद वेगळं असतंच. बाजारातल्या साध्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटची कठीणता ब्रिनेल मापावर १२०-१३० च्या घरात, तर गोळीरोधक पोलादाची ४०० ते ५०० आणि त्याहून वर. कठीण पृष्ठभागावर गोळीचं टोकच चेपतं, तिचा व्यास वाढतो आणि ऊर्जा पसरते. मऊ प्लेटमध्ये गोळी धातू बाजूला सारत घुसते. गंमत पुढे आहे. समजा, मोडक्या रणगाड्यावरची किंवा शत्रूच्या गाडीवरची अस्सल चिलखती प्लेट सैनिकाच्या हाती लागली. ती जीपवर बसवायची तर गॅस कटरने कापावी लागणार आणि वेल्डिंगने जोडावी लागणार. ग्राइंडर मारलेल्या पोलादावर वेल्डिंगचा टाका घातलेला कधी नीट बघा: टाक्याच्या दोन्ही बाजूंना आधी निळी, मग जांभळी, मग गवती पिवळी पट्टी उमटते. पोलाद कुठे किती तापलं त्याचा तो नकाशा. चिलखती पोलादाला कठीणपणा दिलेला असतो तो तापवून झटकन थंड करून. पुन्हा तेवढी उष्णता लागली की टाक्याशेजारची पट्टी मऊ पडते, नाहीतर उलट ठिसूळ होऊन तिला केसाएवढ्या चिरा जातात. म्हणून कारखान्यात अशा पोलादासाठी खास इलेक्ट्रोड वापरतात, प्लेट आधी तापवून घेतात, किंवा सरळ बोल्टने जोडतात. बर्फात, रात्रीच्या अंधारात, उद्या सकाळी निघायचं असताना यातलं काय जमणार?

यावर उपाय म्हणून प्लेट तिरकी लावतात. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेल्या प्लेटमधून आडव्या आलेल्या गोळीला दुप्पट जाडी कापावी लागते. ६ मिमीचे १२ होतात. ‘वॉर थंडर’ खेळात गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर कर्सर फिरवला की जाडी आणि कोन धरून हिशेब दिसतो, आणि तो खेळ या बाबतीत इतरांच्या बराच पुढे आहे. पण पोरांचा एक गैरसमज त्यातून होतो की तिरकेपणाने फुकटात जाडी मिळते. फुकट काही मिळत नाही. तेवढीच उंची झाकायला तिरकी प्लेट दुप्पट लांब लागते, त्यामुळे वजन उभ्या १२ मिमी प्लेटएवढंच भरतं. खरा फायदा वेगळाच: तिरक्या, कठीण प्लेटवरून गोळी घसरून भलतीकडे जाते.

वाळूच्या गोण्या हा आणखी एक लाडका उपाय. वाळू गोळी अडवते, यात शंका नाही. कणांमध्ये शिरताच गोळी तिरपागडी होते, आणि फूटभर वाळू रायफलच्या गोळीला साधारण पुरते. पण फूटभर वाळूचं वजन एका चौरस मीटरला जवळजवळ ४८० किलो भरतं. त्याच वजनात ६० मिमी पोलाद येईल! खंदकाला वाळू उत्तम, कारण खंदकाला कुठे जायचं नसतं. व्हिएतनाममध्ये हा धडा अमेरिकनांनी पावसात गिरवला. २ सप्टेंबर १९६७ ला आन खे जवळ हमरस्ता क्रमांक १९ वर त्यांच्या ट्रकांच्या ताफ्यावर छापा पडला, माणसं गेली, तीसेक गाड्या जळाल्या किंवा मोडल्या. त्यानंतर ताफ्याबरोबर स्वतःचे ‘गन ट्रक’ न्यायला सुरुवात झाली: अडीच टनी ट्रक, फाळक्याला वाळूच्या गोण्यांच्या भिंती, आत मशीनगना. पावसाळ्यात गोण्या पाणी प्यायल्या आणि ट्रक आणखी जड झाले. मग गोण्या जाऊन पोलादी प्लेटा आल्या, अडीच टनी ट्रक जाऊन पाच टनी आले. त्यांपैकी ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ नावाचा एक ट्रक अमेरिकी लष्कराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवला आहे.

रणगाड्यांवरही गोण्या चढायच्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे जनरल पॅटन यांनी आपल्या सैन्यात त्यांना बंदी केली होती. वजनाने इंजिन आणि सस्पेन्शन झिजतं आणि रणगाडाभेदी अस्त्रांपुढे वाळूचा उपयोग होत नाही, असा त्यामागचा हिशेब. मोडक्या रणगाड्यांच्या प्लेटा वेल्ड करायला मात्र त्यांची हरकत नव्हती. शेजारच्या सैन्यात गोण्या राजरोस चालू होत्या. माझ्या मते पॅटन तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. पण आत बसणाऱ्या पाच जणांच्या झोपेचा विचार केला तर गोण्या बांधणाऱ्यांनाही मूर्ख म्हणवत नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटिशांच्या एसएएस या कमांडो तुकडीचं. जुलै १९४२ मध्ये तिने इजिप्तच्या वाळवंटात सिदी हनेश विमानतळावर १८ जीपा घेऊन रात्री धाड घातली. त्या जीपांवर चिलखत लावलेलं तर नव्हतंच, उलट काच काढलेली, रेडिएटरला हवा लागावी म्हणून पुढच्या जाळीच्या पट्ट्या कापलेल्या. सगळी ऐपत पेट्रोल, पाणी आणि मशीनगनांवर खर्च केलेली. दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, हीच तुकडी फ्रान्समध्ये उतरली आणि हळूहळू तिच्या जीपांना पुढच्या बाजूला प्लेटा आणि गोळीरोधक काचा लागल्या. वाळवंटात दहा मैलांवरची धूळ दिसते आणि पळायला चारी दिशा मोकळ्या असतात. फ्रान्सच्या गल्ल्यांत आणि कुंपणांच्या वाटांवर वळण घेतलं की समोर तीस पावलांवर बंदूक. तिथे वेगाचा उपयोग संपतो. १९८७ मध्ये चाडच्या सैनिकांनी लिबियाच्या रणगाड्यांवर मात केली तीसुद्धा उघड्या टोयोटा पिकअपमधून क्षेपणास्त्रं डागून, चपळाईच्या जोरावर. त्या लढाईचं नावच ‘टोयोटा युद्ध’ पडलं.

इराकमध्ये मात्र शहरांतल्या रस्त्यांनी अमेरिकनांना पुन्हा भंगाराकडे ढकललं. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतच्या तळावर एका सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना तोंडावर विचारलं की आम्हाला गाड्यांसाठी कचऱ्यातून लोखंड का हुडकावं लागतं. त्या प्रश्नाने गदारोळ झाला. पुढे कारखान्यातून आलेलं चिलखत हम्व्ही या लष्करी गाडीवर चढलं, आणि मग सस्पेन्शन, गिअरबॉक्स कुरकुरू लागले, गाड्या उलटण्याचे अपघात हा नवाच विषय झाला.

उलटण्याचा हिशेब सोपा आहे. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्मं भागिले गुरुत्वमध्याची उंची. हे गुणोत्तर जेवढं मोठं, तेवढी गाडी वळणावर खंबीर. विलीसच्या चाकांत अंतर १.२४ मीटर. गुरुत्वमध्य ६० सेंटीमीटरवर धरला, तर गुणोत्तर एकाच्या किंचित वर येतं. आता दीडशे किलो प्लेटा सरासरी १.२ मीटर उंचीवर लावा: गुरुत्वमध्य ६७ सेंटीमीटरवर सरकतो आणि गुणोत्तर ०.९२ वर घसरतं. खडी, खड्डा किंवा उतार असेल तर तेवढा फरक पुरतो. शिवाय पुढची प्लेट रेडिएटरची हवा अडवते. इंदूरच्या मे महिन्यात असली जीप एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) चालवली तर घाटाचीही गरज नाही, सपाटीवरच बोनेटमधून वाफ निघेल. आणि जड झालेली गाडी थांबवताना तेवढीच जास्त उष्णता छोट्याशा ड्रम ब्रेकांत जिरवावी लागते. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात नव्या गाड्या ब्रेक, वळण, चढ यांवर तासून बघतात त्या याचसाठी.

खेळ बनवणाऱ्यांना हे अवघड नाही. युनिटी किंवा अनरिअलसारख्या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरांत प्रत्येक वाहनाला वस्तुमान आणि गुरुत्वमध्य हे दोन आकडे आधीपासून असतात. प्लेट निवडली की ते बदलायचे, एवढंच काम. ते टाळतात कारण हळू, डुगडुगणारी जीप कुणाला आवडेल ही धास्ती. मला उलट वाटतं. इंदूरमध्ये खेळ बनवणारी मंडळी आता कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणी एकदा करून बघावं. खेळाडूला १५५ किलोंचा कोटा द्यावा आणि सांगावं, कुठे लावायचे ते तू ठरव: समोर, बाजूला, की बुडाखाली सुरुंगासाठी. छपराजवळ लावले तर पहिल्याच वळणावर जीप आडवी. पुढे लावले तर तापमानाचा काटा लाल रेषेवर. काहीच लावले नाहीत तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून पळ काढायचा.