काच वाहणाऱ्या गाडीचा रॅक: जड म्हणजे मजबूत नव्हे

"काच वाहायची तर रॅक लोखंडीच हवा, ॲल्युमिनियम वाकतं," हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे अर्धंच खरं आहे. एकाच मापाची पट्टी घेतली तर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास तिप्पट लवतं, हे मान्य. पण तीच पट्टी दुप्पट उंचीची घ्या, ताठपणा आठपट होतो; वजन तरीही पोलादी पट्टीपेक्षा कमीच. 5 मिमी काच चौरस मीटरमागे साडेबारा किलो भरते, त्यामुळे रॅकचा वाचलेला प्रत्येक किलो काचेच्या कामी येतो.

पोलाद स्वस्त आणि वेल्डिंगला सोपं, पण रंग उडाला की गंजतं. ॲल्युमिनियमचा खरा घात स्टीलचा बोल्ट थेट बसवल्याने होतो: दोन धातूंमध्ये पाणी शिरतं, बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरते. मध्ये नायलॉनचा वॉशर घालाच.