बी आणि सी: दाह रक्तवाहिन्यांचाच, पण त्याच वाहिन्यांचा नव्हे

हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्या मराठवाड्यात जिला सर्रास पांढरी कावीळ म्हणतात ती, रक्तातून पसरते, यकृत पोखरते आणि तिच्यावर लस आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. हिपॅटायटिस सीवर मात्र लस नाही. गोंधळ पुढे होतो. दोन्ही विषाणूंमुळे रक्तवाहिन्यांचा दाह होऊ शकतो एवढे वाचून लोक दोन्ही दाह एकाच पोत्यात भरतात, आणि हे मला मुळीच पटत नाही.

बीमध्ये मध्यम आकाराच्या धमन्या सुजतात. तो पॉलिआर्टेरायटिस नोडोसा. सीमध्ये क्रायोग्लोब्युलिन नावाची, थंडीत साकळणारी प्रथिने रक्तात तयार होऊन अगदी बारीक वाहिन्यांत साचतात आणि पायांवर हाताला लागणारे जांभळे ठिपके उठतात. पायाची बधिरता, सांधेदुखी आणि मूत्रपिंडाला झळ दोन्हींत आढळते, म्हणून लक्षणांची यादी पाठ करण्यापेक्षा मूत्रपिंडात नेमके काय बिघडले ते पाहावे. शेतातल्या ठिबक सिंचनाची मुख्य नळी दबणे वेगळे आणि ड्रिपर बिघडणे वेगळे. बीमध्ये मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद होते किंवा ठिकठिकाणी फुगते. रक्तदाब चढतो, पण मूत्रपिंडातली रक्त गाळणारी गाळणी स्वतः सुजलेली नसते. सीमध्ये गाळणीच सुजते आणि लघवीतून रक्त व प्रथिने जाऊ लागतात.

सीच्या रुग्णाचा आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी केली जाणारी रक्तचाचणी, पुष्कळदा पॉझिटिव्ह येतो आणि तेवढ्यावरून त्याच्यावर आमवाताचा शिक्का बसतो, याची मला विशेष चीड आहे. त्याहून वाईट म्हणजे क्रायोग्लोब्युलिनचा नमुना तालुक्याहून बर्फाच्या डब्यात पाठवणे: सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, वेगळे होईपर्यंत रक्त 37 अंश सेल्सिअसला राहिले नाही, तर प्रथिने गुठळीसोबतच निघून जातात आणि अहवाल खोटाच निर्दोष येतो.

सीचा विषाणू साधारणतः 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी नाहीसा होतो, आणि 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. बीचा विषाणू मात्र बहुधा दाबूनच ठेवावा लागतो. सीच्या गोळ्यांनी, आणि तीव्र दाहात दिल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने तर अधिकच, शरीरात दबून बसलेला बी उसळू शकतो. म्हणून सीचा उपचार सुरू करण्यापूर्वी बीची रक्ततपासणी झालेली असलीच पाहिजे.