मुळांची हाक आणि टारफुल्याचे कान

शेजारच्या काकूंनी मायकोरायझाची, म्हणजे झाडांच्या मुळांशी जोडून जगणाऱ्या बुरशीची, पुडी आणली. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘सर्व झाडांसाठी वरदान’. कोथरूडच्या आमच्या गच्चीवर त्यांनी निम्मी पुडी कोबी आणि मोहरीच्या कुंड्यांत ओतली, आणि नेमकं तिथंच गणित चुकलं. कोबी, मुळा, मोहरी हे घराणंच या बुरशीला दारात उभं करत नाही. पालक आणि राजगिराही सहसा त्याच वळणाचे.

बाकी बहुतेक झाडांचं मात्र तिच्याशी फार जुनं सूत आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या खडकांत सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्यांना धड मुळंही नव्हती, पण पेशींत ही बुरशी होती.

झाडाला ती लागते फॉस्फेटसाठी. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतं. फॉस्फेट मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं. मुळांभोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की पुढचा साठा समोर दिसत असूनही मुळाला उपाशी राहावं लागतं. बुरशीचे तंतू आपल्या केसाहून दहापट बारीक, त्यामुळे ते त्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटर सहज जातात.

पण बुरशीला मूळ सापडतं कसं? मला सगळ्यात आवडते ती ही गोष्ट, आणि ती सुरू होते टारफुल्यापासून. ज्वारीच्या मुळांवर जगणारं हे तण आपल्याकडचे शेतकरी चांगलं ओळखतात. त्याचं बी धुळीसारखं, मातीत कित्येक वर्षं निजून राहतं आणि जवळ मूळ आलं की उगवतं. हे ‘उठ’ सांगणारं रसायन 1966 साली कापसाच्या मुळांच्या स्रावात सापडलं: स्ट्रिगॉल. पुढे तशी बरीच रसायनं मिळाली, त्या सगळ्यांना स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात. पण झाड स्वतःच्या वैऱ्याला आवतण का धाडेल? उत्तराला जवळजवळ 40 वर्षं लागली. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हे आवतण वैऱ्यासाठी नाहीच. फॉस्फेट कमी पडलं की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन सोडतं, त्याने बुरशीच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात आणि त्या मुळापर्यंत पोचतात. टारफुला नुसता कान देऊन बसलेला. पीक जळालं की नजर लागली म्हणून बांधावर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी एकदा ज्वारीचं ताट उपटून मूळ पाहावं.

आत शिरल्यावरचं दृश्य मी एका मित्राच्या प्रयोगशाळेत पाहिलंय. झेंडूचं मूळ कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवून, व्हिनेगर घातलेल्या पेनाच्या शाईत रंगवलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत निळं झुडूप. त्याला आर्बस्क्यूल म्हणतात. बुरशी पेशीची भिंत फोडते, पण आतलं पटल फाडत नाही. बोटांवर हातमोजा चढावा तसं ते पटल प्रत्येक फांदीभोवती चढतं. त्या पटलातली वाहक प्रथिनं फॉस्फेट आत ओढतात. उलट दिशेने साखर जाते आणि स्निग्धाम्लंही (फॅटी ॲसिड), कारण ती या बुरशीला स्वतःला बनवताच येत नाहीत. फॉस्फेट ओढणारं वाहक प्रथिन बिघडवलेल्या रोपांत झुडपं वेळेआधीच विरघळतात. माल आला नाही की पेशी दुकान बंद करते. एरवीही एक झुडूप काही दिवसच टिकतं, मग नवं.

‘झाडं बुरशीच्या जाळ्यातून गप्पा मारतात, आई लेकरांना भरवते’ असले व्हिडिओ मला रोज कुणीतरी पाठवतं. जंगलातल्या झाडांबाबत याचे पुरावे फार तुटपुंजे आहेत. खरी गोष्ट इतकी रोकडी असताना तिला माया-ममतेची फोडणी कशाला?

आणि कुंडीत पांढरी बुरशी दिसली की हळद टाकणाऱ्यांनो, ती बहुधा कुजका पालापाचोळा खाणारी दुसरीच असते. ही आपली मुळाच्या आत आणि भोवतीच्या मातीत असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

काकूंना हे सगळं सांगितलं. उरलेली पुडी त्या आता टोमॅटोला घालणार आहेत. त्या कुंडीत गेल्याच आठवड्यात त्यांनी मूठभर डीएपी हे फॉस्फेटचं खत टाकलंय, म्हणजे टोमॅटोचं पोट फॉस्फेटने भरलेलं आहे. ते कशाला कुणाला हाक मारील?