बोल्ड फोटो लावला की माल खपतो?

कॉलेज रोडला साड्यांचं किंवा जिमचं नवं दुकान निघालं, की फ्लेक्सवाल्याकडे फर्माइश ठरलेली: ‘मॉडेल जरा बोल्ड घ्या, माल खपतो.’

नजर खिळते, एवढं खरं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये आधीचे ७८ अभ्यास एकत्र तपासले. अशी जाहिरात लक्षात राहते, पण ब्रँड नाही. आणि खरेदीची इच्छा वाढल्याचंही दिसलं नाही. पुरुषांना त्या जाहिराती आवडल्या, बायकांना नाही. साडीवाल्यानं तर गिऱ्हाईकच नाराज केलं म्हणायचं!

मुंबई नाक्यावर गाडीवरून होर्डिंगकडे बघायला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढी चेहऱ्यानंच खाल्ली, की नाव वाचायचं राहतं. नामवंत नटाचंही तेच. छापण्याआधी डिझाइन दहा जणांना तीन सेकंद दाखवा, झाका, आणि दुकान कुणाचं, कशाचं ते विचारा. निम्म्यांना सांगता आलं नाही, तर फोटो लहान करा, नाव मोठं. मॉडेल समोर न बघता वस्तूकडे बघत असेल तर बरं. बघणाऱ्याची नजरही तिकडे वळते.

आणि नट घेतलाच, तर दावे तपासून लिहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाबरोबर त्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.