लघवी तुंबणं आणि लघवी न बनणं: दोन्हीत 'लघवी बंद', पण आजार वेगळे

घरात म्हाताऱ्या माणसाला सकाळपासून लघवी झाली नाही की सगळे एकच वाक्य बोलतात, "बाबांची लघवी बंद झालीये", आणि पाठोपाठ सल्ला येतो की भरपूर पाणी पाजा, जिऱ्याचं पाणी द्या, नारळपाणी द्या. मला या सल्ल्याची खरंच भीती वाटते, कारण लघवी बंद होण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत आणि आपल्या घरात कुठली आहे हे कळायच्या आधीच आपण पाणी ओतायला लागतो.

आधी लघवीचा प्रवास बघू. दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला साधारण 125 मिली द्रव रक्तातून गाळतात, दिवसाचा हिशोब केला तर 180 लिटर होतो, आणि त्यातलं 99 टक्के पाणी किडनीच परत रक्तात ओढून घेते म्हणून शेवटी बाहेर येते ती फक्त दीड-दोन लिटर लघवी. ती प्रत्येक किडनीतून 25 ते 30 सेंटीमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून खाली येते, नुसती ओघळत नाही बरं का, नळीचे स्नायू लाटेसारखे आवळत तिला पुढे ढकलतात, त्यामुळे आडवं झोपलं तरी काम चालू राहतं. मग मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, जिच्यात साधारण 400-500 मिली मावते. आणि तिथून मूत्रमार्ग, बाईमाणसाचा जेमतेम 4 सेंटीमीटर, पुरुषाचा 18-20, आणि तो पुरुषाचा मार्ग सुरुवातीलाच प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीतून जातो. घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

तर लघवी तुंबते तेव्हा किडन्या आपलं काम नीट करत असतात, पिशवी भरतच राहते, फक्त बाहेर पडायला वाट नसते किंवा पिशवीच्या स्नायूला जोर नसतो. वयस्कर पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट हे सगळ्यात मोठं कारण, पण बऱ्याचदा शेवटचा धक्का भलतीच गोष्ट देते: नाक मोकळं करणारी सर्दीची गोळी (ती पिशवीच्या तोंडाचे स्नायू आवळते), चार दिवसांचं बद्धकोष्ठ, एखाद्या ऑपरेशनची भूल. माणूस अक्षरशः तळमळतो, बाथरूममध्ये जाऊन कुंथतो, दोन थेंब येतात, परत येतो, परत जातो. ओटीपोटावर हलका हात ठेवला तर बेंबीच्या खाली घट्ट गोळा लागतो, दाबलं की कळ आणि लघवीची भावना दोन्ही वाढतात, बोटाने टिचकी मारली तर बाकी पोटासारखा पोकळ आवाज न येता बद्द आवाज येतो.

लघवी बनतच नाही तेव्हा चित्र शांत असतं, आणि म्हणूनच ते जास्त फसवं आहे. पिशवी रिकामी, ओटीपोट मऊ, लागल्याची भावनाच नाही, त्यामुळे माणूस तक्रार करत नाही आणि घरच्यांच्या लक्षात यायला दिवस जातो. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडणं, अंगात पसरलेलं इन्फेक्शन, पावसाळ्यात मुंबई-कोकणात होणारा लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), घोणस चावणं, आधीच पाणी कमी असताना सांधेदुखीसाठी मनाने घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, अशी कारणं असतात. मोठ्या माणसाची दिवसभराची लघवी 400 मिलीच्या खाली आली तर ती कमी समजतात, 100 च्या आत म्हणजे जवळजवळ बंदच. हॉस्पिटलमध्ये तासाचा हिशोब ठेवतात, किलोमागे अर्धा मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली तरी यायला हवी. पुढे पायावर सूज, धाप, मळमळ, गुंगी, आणि रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात.

आता पाण्याचं बघा. तुंबलेल्याला पाणी पाजलं तर आधीच ताणलेली पिशवी आणखी ताणते. किडनी थांबलेल्याला पाजत राहिलं तर ते पाणी फुफ्फुसात साठून श्वास अडकू शकतो. जुलाबाने कोरड्या पडलेल्या माणसाला मात्र पाणी हवंच असतं, पण किती आणि तोंडाने की सलाईनने हे डॉक्टर ठरवणार. लघवी वाढवणारी गोळी मनाने देणं हे तर त्याहून वाईट.

डॉक्टर दोन्हीतला फरक सोनोग्राफीत पटकन बघतात, पिशवी भरलेली दिसते की रिकामी. तुंबलेली असेल तर मूत्रमार्गातून पिशवीत नळी घालतात आणि 800 मिली, कधी लिटरभरही लघवी येते आणि माणसाचा चेहरा तिथल्या तिथे सैल पडतो. बनतच नसेल तर नळीतून गडद रंगाचे चार थेंब येतात, मग रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासतात, आणि गरज पडली तर डायलिसिस.

एक प्रकार दोन्हींच्या मधला आहे. हळूहळू, महिनोन्महिने तुंबत गेलेली लघवी दुखत नाही, विशेषतः जुन्या डायबेटिसमध्ये पिशवीच्या नसा बधिर झालेल्या असतात, पिशवी काठोकाठ भरते आणि वरची थोडी थोडी गळत राहते. घरच्यांना वाटतं की वयामुळे कंट्रोल गेला, डायपर लावतात, आणि आत दाब मागे मूत्रवाहिन्यांत आणि किडन्यांत चढत जातो, किडन्या फुगतात, क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे तुंबण्यातून न बनण्याकडे वाट जाते. म्हणून सारखी थेंब थेंब गळणारी लघवी दिसली तर डायपर आणायच्या आधी एकदा ओटीपोटाची सोनोग्राफी करा, लघवी करून आल्यावर आत किती उरते ते मोजायला सांगा. आणि लघवी अडकण्याबरोबर कंबरदुखी असेल, बसायची जागा बधिर वाटत असेल किंवा पायातला जोर जात असेल तर ते मणक्यातल्या नसांवरच्या दाबाचं लक्षण असू शकतं, तेव्हा रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

नळी टाकल्यावर काम संपत नाही. खूप दिवसांचा अडथळा सुटला की काही जणांच्या किडन्या एकदम भरमसाट लघवी करायला लागतात, तासाला 200 मिलीच्या वर, आणि मीठ-पाणी दोन्ही वाहून जातं, म्हणून नळी लावलेला पेशंट घरी न्यायची घाई नको, पहिला दिवसभर तरी लघवीचं माप आणि बीपी बघणारं कोणीतरी असायला हवं.